नव्या घराचा नकाशा: मोकळा, चौकाचा की दुमजली?

शहराच्या वेशीवर दीड-दोन हजार चौरस फुटांचा भूखंड घ्यायचा, कर्जाची जुळवाजुळव करायची आणि त्यावर स्वतःचे स्वतंत्र घर बांधायचे, हे मध्यमवर्गीय मराठी कुटुंबाचे जुने स्वप्न आहे. पुणे, नाशिक, कोल्हापूर, नागपूर या शहरांच्या वाढत्या कडांवर ते आजही अनेकांना साकारता येते. मात्र असे घर बांधताना ज्या गोष्टींवर घरात सर्वाधिक चर्चा होते, त्या बहुधा सर्वांत शेवटी यावयाच्या असतात. फरशी कोणती, रंग कोणता, ओट्याला काळा ग्रॅनाइट की हिरवा, यावर महिनोन्महिने खल होतो. नकाशा मात्र एखाद्या नातेवाइकाच्या बंगल्यावरून किंवा इंटरनेटवर सापडलेल्या चित्रावरून दोन बैठकांत नक्की होतो. वास्तविक फरशी दहा वर्षांनी बदलता येते आणि रंग तर दर दिवाळीला. जिना, कॉलम, संडास-मोरीची जागा आणि खिडक्यांच्या दिशा एकदा ठरल्या की घर उभे आहे तोवर बहुतेक तशाच राहतात.

नकाशाचा प्रकार म्हणजे खोल्यांची संख्या नव्हे. ‘टू बीएचके’, ‘थ्री बीएचके’ ही बिल्डरांच्या जाहिरातींतील भाषा घरात खोल्या किती, एवढेच सांगते. कोणत्या खोलीतून कोणत्या खोलीत जावे लागते, कोठे बसले की काय दिसते, कोणाचा आवाज कोठवर पोहोचतो आणि वारा कोठून येऊन कोठे जातो, या गोष्टी ती सांगत नाही. नकाशाचा खरा विषय तोच आहे. बैठकीच्या खोलीत पाहुणे बसलेले असताना घरातील मुलीला न्हाणीघरातून आपल्या खोलीत जाता येते का, या एका प्रश्नावर अनेक देखणे नकाशे नापास होतात.

जुन्या मराठी घरांनी या प्रश्नांची उत्तरे आपापल्या परीने शोधली होती. कोकणातील घर अंगणातून आत शिरते ते पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागील दार अशा क्रमाने. परका माणूस ओटीवर थांबे, नात्यातला माजघरापर्यंत जाई. देशावरच्या वाड्यात हीच कामगिरी चौक बजावत असे. बाहेरच्या भिंतींना खिडक्या बेताच्या, उजेड-वारा मात्र मधल्या उघड्या चौकातून चहूबाजूंच्या खोल्यांना मिळणारा. मराठवाड्यातील वाड्यांत दाराशी ढाळज असे. आल्यागेल्याची उठबस तेथेच होई आणि घरचे आतले व्यवहार निर्वेध चालत. मुंबईच्या चाळीने हा क्रम मोडला. बीडीडी चाळींतील सुमारे १६० चौरस फुटांच्या खोलीत ओटी आणि माजघर यांना वेगळी जागाच नव्हती. त्यामुळे ओटीचे काम बाहेरच्या सामाईक गॅलरीकडे गेले.

या घरांच्या नकाशांवर बांधकामाचे एक कडक बंधनही होते. लाकडी खांब आणि तुळया यांच्यामधल्या अंतराला खण म्हणत आणि घर ‘इतक्या खणांचे’ असे सांगितले जाई. तुळई जितकी लांब मिळेल तितकाच खण रुंद करता येई. पुढे विटांच्या भारवाही भिंती आल्या, तेव्हा वरच्या मजल्याची भिंत खालच्या भिंतीवरच उभारणे भाग पडले. हे बंधन सैल केले ते सळई आणि काँक्रीटने. १९१४ मध्ये ल कॉर्ब्युझिए या वास्तुशिल्पकाराने केवळ स्लॅब, खांब आणि जिना असा एक सांगाडा कागदावर मांडला. घराचा भार खांबांनी पेलायचा, भिंती कोठेही घालायच्या किंवा मुळीच घालायच्या नाहीत, हा त्यातील विचार. आज गावोगावचा कंत्राटदार जे आरसीसीचे घर बांधतो, त्यामागे हीच कल्पना आहे. भिंतींवरून भार उतरल्यामुळेच ‘मोकळा’ नकाशा सर्वसामान्यांच्या आवाक्यात आला.

मोकळ्या नकाशात बैठकीची खोली, जेवणाची जागा आणि स्वयंपाकघर ही एकाच सलग दालनात येतात. याचे लाभ खरे आहेत. लहान घर मोठे भासते, एका बाजूच्या खिडकीतून आलेला वारा थेट दुसऱ्या बाजूने निघून जातो, आणि मुख्य म्हणजे स्वयंपाक करणारी व्यक्ती, म्हणजे आपल्याकडे बहुधा गृहिणी, चार भिंतींत एकटी पडत नाही. ती पोळ्या लाटता लाटता गप्पांत भाग घेऊ शकते, मुलांच्या अभ्यासावर लक्ष ठेवू शकते.

परंतु ज्या देशांत हा नकाशा रुजला, तेथील स्वयंपाकात आपल्यासारखी दिवसातून दोनदा कडकडीत फोडणी नसते. मिरचीची खाट, तळणाचा वास आणि मासळी करणाऱ्या घरात तिचा दरवळ यांना सोफ्याचे कापड व पडदे मोठ्या आपुलकीने आश्रय देतात. कुकरच्या शिट्ट्या, मिक्सरचा घरघराट आणि टीव्हीवरची मालिका ही तिन्ही एकाच दालनात आली, तर दहावीच्या मुलाने कोठे बसावे? ओट्यावरचा पसाराही दारात उभ्या राहिलेल्या पाहुण्याला प्रथम दिसतो. म्हणजे जी मोकळीक गृहिणीला मिळायची, तिचे रूपांतर ओटा सतत आवरलेला ठेवण्याच्या आणखी एका जबाबदारीत होते. हौसेने केलेल्या मोकळ्या स्वयंपाकघराला मागाहून सरकते काचेचे दार लावून घेणारी घरे कमी नाहीत.

तेव्हा मराठी कुटुंबाला अर्धा मोकळा नकाशा अधिक मानवतो, असेच म्हणावे लागते. जेवणाची जागा बैठकीला खुली ठेवावी. स्वयंपाकघराला भिंत असावी, पण तीत ओट्याच्या उंचीवर रुंद खिडकी किंवा गरजेप्रमाणे बंद होणारे सरकते दार असावे. भांडी घासणे आणि कपडे धुणे यांसाठी स्वयंपाकघरालगत वेगळी मोरी, म्हणजे हल्लीच्या भाषेत ‘ड्राय बाल्कनी’, काढावी. स्वयंपाकघर प्रशस्त असणे आणि सोयीचे असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार्गारेटे श्युट्टे-लिहोट्स्की यांनी १९२६ मध्ये फ्रँकफर्टमधील कामगार वसाहतींसाठी आखलेले स्वयंपाकघर जेमतेम १.९ मीटर रुंद व ३.४ मीटर लांब होते. पण गृहिणीला पावले कमी टाकावी लागावीत, असा त्यातील प्रत्येक वस्तूच्या जागेचा हिशेब होता. शेगडी, मोरी (सिंक) आणि फ्रीज यांना जोडणाऱ्या त्रिकोणाच्या तिन्ही बाजूंची बेरीज साधारण १३ ते २६ फुटांच्या दरम्यान असावी, हा नंतर रूढ झालेला ठोकताळाही त्याच विचारातला. नकाशा हाती आला की ही बेरीज फूटपट्टीने करून पाहता येते.

वाड्याच्या आठवणींमुळे चौकाचे आकर्षण अनेकांना असते. मोठ्या भूखंडावर चौकाचे घर खरोखरच सुखाचे होते. उन्हाळ्यात रात्रीची थंड हवा चौकात साठते, दुपारी त्याची एखादी बाजू तरी सावलीत असते आणि सर्व खोल्यांना दोन बाजूंनी हवा मिळते. अडचण जागेची आहे. तीस फूट रुंदीच्या भूखंडावर नियमाप्रमाणे दोन्ही बाजूंना मोकळी जागा सोडल्यावर मध्ये पुन्हा चौक काढला, तर भोवतीच्या खोल्या इतक्या चिंचोळ्या होतात की पलंग टाकल्यावर कपाट उघडत नाही. भारतीय राष्ट्रीय बांधकाम संहितेने राहण्याच्या खोलीसाठी किमान ९.५ चौरस मीटर क्षेत्र आणि २.४ मीटर रुंदी सांगितली आहे. ती गाठून चौक बसत असेल तरच त्याचा हट्ट धरावा. शिवाय पावसाळ्यात चौकातून आत येणारे झोत, वरून लावावी लागणारी जाळी आणि पाणी वाहून नेणारा उतार यांचा विचार आधीच झाला पाहिजे.

चौकाची सर्वाधिक गरज मात्र अशा ठिकाणी भासते, जेथे तो कोणी मागत नाही. रो-हाउसच्या किंवा जुन्या गावठाणातील लांबट, अरुंद जागेला दोन्ही बाजूंना शेजाऱ्यांच्या भिंती असतात. उजेड पुढून आणि मागून येतो. मधली खोली दिवसाही दिवा मागते. तेथे पाच फूट रुंद व आठ फूट लांब एवढी जागा जरी छतापर्यंत उघडी ठेवली, किंवा जिना मधोमध घेऊन त्यावर काचेचे छप्पर व बाजूंनी झरोके दिले, तरी घराचे रूप पालटते. गरम हवा वर चढून झरोक्यांतून बाहेर पडते आणि पुढच्या-मागच्या खिडक्यांतून ताजी हवा आत ओढली जाते. चार्ल्स कोरिया यांनी साठच्या दशकाच्या आरंभी अहमदाबादेत ‘ट्यूब हाउस’ या अरुंद घरासाठी हेच तत्त्व वापरले होते. मधली चाळीस चौरस फूट जागा ‘वाया’ गेली, असे हिशेबी यजमानाला वाटते. पण अंधाऱ्या खोलीत कोणी बसतच नसेल, तर सव्वाशे चौरस फूट वाया जातात.

भूखंड लहान असला की घर वर चढते आणि दुमजली नकाशा येतो. यात जिन्याचा हिशेब बहुतेक जण विसरतात. मजल्याची उंची दहा फूट धरली तर सुमारे १८ पायऱ्या लागतात. दोन टप्प्यांचा, सव्वातीन फूट रुंदीचा जिना चौथऱ्यांसह प्रत्येक मजल्यावर ८० ते ९० चौरस फूट जागा घेतो. दोन मजल्यांचे मिळून हे क्षेत्र बीडीडी चाळीतील त्या एका बिऱ्हाडाइतके भरते. जागा वाचवण्यासाठी पायरी अरुंद आणि उंच करण्याचा मोह होतो. संहितेनुसार निवासी जिन्याच्या पायरीची उंची जास्तीत जास्त १९ सेंटिमीटर आणि रुंदी किमान २५ सेंटिमीटर हवी, पण ती झाली निव्वळ मर्यादा. सत्तरीतल्या गुडघ्यांना साडेसहा-सात इंचांची पायरीच परवडते.

आणि सत्तरी सर्वांनाच गाठायची असते. घर बांधणारा बहुधा चाळिशीत असतो. खाली बैठक, स्वयंपाकघर आणि गाडीची जागा, वर सगळ्या झोपण्याच्या खोल्या, ही मांडणी त्याला साहजिक वाटते. आईवडील गावाहून राहावयास आले, कोणाचे गुडघ्याचे शस्त्रक्रियेचे काम निघाले, की बैठकीच्या खोलीत दिवाण पडतो आणि घरातील सर्वांत मोठ्या माणसाला पडद्याआड राहावे लागते. दुमजली घरात तळमजल्यावर एक झोपण्याची खोली आणि लगतचे संडास-न्हाणीघर असलेच पाहिजे. बाकी काही कमी करावे लागले तरी चालेल. या न्हाणीघराचे दार नेहमीच्या अडीच फुटांऐवजी तीन फुटांचे ठेवावे, म्हणजे वेळ आली तर चाकाची खुर्ची आत जाते. दाराशी उंच उंबरा नसावा. बांधताना यासाठी येणारा खर्च नगण्य असतो, नंतर मात्र दार मोठे करायचे तर टाइल्स फोडाव्या लागतात.

जिना घरातून घ्यावा की बाहेरून, हा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो, पण अनेक कुटुंबांचे पुढचे दिवस त्यावर ठरतात. आतला जिना दोन्ही मजल्यांचे एक घर करतो. मुले वर खेळतात, आजी खालून हाक मारते आणि घर एकत्र नांदते. पण पुढे दोन भावांचे संसार वेगळे झाले, मुलगा परदेशी गेला, किंवा निवृत्तीनंतर वरचा मजला भाड्याने देण्याची वेळ आली, की हाच आतला जिना अडसर होतो. भाडेकरूने रोज मालकाच्या बैठकीतून वर जावे, हे दोघांनाही रुचत नाही. उलट जिना बाहेरून घेतला तर भाड्याची सोय होते, पण वरच्या खोलीत झोपलेल्या मुलासाठी रात्री पावसात छत्री घेऊन जावे लागते. वाटणीचा विचार घर बांधतानाच करणे अनेकांना अशुभ वाटते, त्यामुळे वास्तुशिल्पकारासमोर हा विषय कोणी काढत नाही आणि तोही भिडेखातर विचारत नाही.

यावर तोडगा जुन्या ढाळजेतच आहे. मुख्य दारातून आत आल्यावर पाच-सहा फुटांची एक छोटी देवडी ठेवावी. तिच्या एका बाजूला तळमजल्याचे दार आणि समोर जिना. आज ते आतले दार सताड उघडे राहील किंवा लावलेही जाणार नाही. चौकट मात्र बसवून ठेवावी. उद्या गरज पडली तर दार बंद केले की दोन स्वतंत्र घरे तयार होतात. त्यासाठी वरच्या मजल्यावर एका खोलीत ओट्याची जागा व पाण्याची आणि सांडपाण्याची नळजोडणी आधीच काढून ठेवावी लागते, आणि विजेच्या दुसऱ्या मीटरसाठी जागा. देवडीत चपलांचे कपाट बसते, पावसाळ्यात छत्र्या ठिबकतात, कुरिअरवाला तेथूनच परत जातो, हे वरकड फायदे.

घर एकदम पूर्ण करण्याचाही आग्रह नको. नवी मुंबईत बेलापूर येथे कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात उभारलेल्या वसाहतीत घरे मुद्दाम अशी आखली होती की शेजाऱ्याशी भिंत सामाईक नसावी आणि ज्याला जमेल तसे त्याने आपले घर वाढवावे. भूखंड होते ४५ ते ७५ चौरस मीटरचे. रहिवाशांनी ती घरे पुढे इतकी वाढवली की मूळची ओळखणेही कठीण झाले. पण वाढीला वाव होता म्हणूनच ते शक्य झाले. कर्जाचा हप्ता जड जात असेल तर वरचा मजला पाच वर्षांनी बांधता येतो. अट एवढीच, की पाया आणि कॉलम पहिल्याच दिवशी दोन मजल्यांच्या हिशेबाने घातलेले हवेत, जिन्याची जागा राखलेली हवी आणि वरचे न्हाणीघर खालच्याच्या बरोबर वर यावयास हवे. ते एकावर एक नसले की सांडपाण्याचा पाइप बैठकीच्या छताखालून न्यावा लागतो आणि गळतीचे जन्माचे नाते जुळते.

नकाशाचा प्रकार कोणताही निवडला, तरी सूर्य आणि वारा यांच्याशी वैर करून चालत नाही. आपल्या अक्षांशावर दक्षिणेची भिंत सांभाळणे सोपे आहे. पुण्यात उन्हाळ्यातील माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे दोन फुटांचा सज्जा दक्षिणेची खिडकी सावलीत ठेवतो; डिसेंबरात तोच सूर्य खाली उतरून कोवळे ऊन आत पाठवतो. पश्चिमेचे तसे नाही. एप्रिलच्या मध्यावर दुपारी साडेचारच्या सुमारास सूर्य क्षितिजापासून तिसेक अंशांवर असतो आणि दोन फुटांच्या सज्जाची सावली खिडकीच्या वरच्या जेमतेम सव्वा फुटावर पडते. बाकीची काच तापत राहते. म्हणून पश्चिमेला जिना, न्हाणीघर, कोठीची खोली किंवा खोल व्हरांडा असावा. झोपण्याची खोली शक्यतो नको, कारण दिवसभर तापलेली भिंत रात्री खोलीत उष्णता सोडत बसते. मुंबईत मात्र वारा पश्चिमेच्या समुद्राकडूनच येतो, आणि कडक ऊन व पाऊसही तेथूनच. जुन्या बंगल्यांनी यासाठी भोवती व्हरांडे काढले होते. १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या कंबाला हिलवरच्या कांचनजंगा इमारतीत कोरिया यांनी दोन मजली उंचीच्या खोल गच्च्या काढून तीच युक्ती आकाशात नेली. खिडक्यांचे मापही हवामानानुसार बदलते. संहितेप्रमाणे खिडक्या-झरोक्यांचे क्षेत्र उष्ण व कोरड्या प्रदेशात खोलीच्या एकदशांश, तर उष्ण व दमट प्रदेशात एकषष्ठांश असावे. म्हणजे १२० चौरस फुटांच्या खोलीला उष्ण व कोरड्या प्रदेशात १२ चौरस फूट उघडीप पुरते, तेथे रत्नागिरीत २० चौरस फूट हवी.

राहता राहिले वास्तुशास्त्र. स्वयंपाकघर आग्नेयेला, देवघर ईशान्येला, घरच्या कर्त्याची खोली नैऋत्येला या अपेक्षा आज बहुसंख्य यजमान घेऊन येतात. श्रद्धेचा प्रश्न ज्याचा त्याने सोडवावा. व्यवहारात एवढेच पाहावे, की जो सल्ला घ्यायचा तो पहिली रेघ मारण्यापूर्वी घ्यावा. मंजूर नकाशाचे घर जोत्यापर्यंत आल्यावर कोणा जाणकाराला बोलावायचे आणि त्याच्या सांगण्यावरून संडास उचलून दुसरीकडे न्यायचा, यात दोष कोणत्याही शास्त्राचा नसतो आणि भुर्दंड मात्र नक्की असतो.

कागदावरचा नकाशा सर्वसामान्य माणसाला वाचता येत नाही, ही यातील सर्वांत मोठी अडचण. दहा बाय बारा म्हणजे किती, हे आकड्यांवरून उमगत नाही. म्हणून आलेखाच्या कागदावर एका चौकोनाला एक फूट धरून घरातील आहे ते सामान कापून ठेवावे: साडेसहा फुटांचा पलंग, दोन फूट खोलीचे कपाट, सहा जणांचे जेवणाचे टेबल आणि त्यामागे खुर्ची सरकवावयास लागणारे अडीच फूट. प्रत्येक दार कोणत्या बाजूला उघडते, ते अर्धवर्तुळाने दाखवावे. दोन दारे एकमेकांवर आपटताना तेथेच सापडतात. त्यानंतर घरातील प्रत्येकाने सकाळी उठल्यापासूनचा आपला मार्ग पेन्सिलीने रेखावा. सकाळी सात ते नऊ या वेळात ज्या कोपऱ्यात सगळ्या रेघांचा गुंता होतो, तेथे नकाशा चुकला आहे.

शेवटची तपासणी प्रत्यक्ष जागेवर होते. खोदाईपूर्वी गवंडी लाइनदोरी लावून फक्की मारतो, त्या दिवशी रजा काढून घरातील सर्वांनी, विशेषतः जिला त्या स्वयंपाकघरात उभे राहायचे आहे तिने, भूखंडावर जावे. पांढऱ्या रेघांच्या खोल्यांमधून चालून पाहावे. मोकळ्या आकाशाखाली प्रत्येक खोली आहे त्याहून लहान दिसते, हे ध्यानात ठेवून घाबरू नये. पण ओट्यापाशी उभे राहून दार कोठे येते, पलंगावरून खिडकी दिसते का, दुपारचे ऊन कोणत्या रेघेवर पडते, हे निवांत पाहून घ्यावे. या टप्प्यावर एखादी भिंत दोन फूट सरकवायची असेल, तर वास्तुशिल्पकार व अभियंता यांच्या संमतीने आणि आवश्यक तेथे सुधारित नकाशा मंजूर करून ती सरकवता येते. कॉलमचे खड्डे खोदले गेले की पुढचा बदल महाग पडतो, आणि जोते बांधून त्याची तपासणी झाली की बहुतेक बदलांचा रस्ता बंद होतो.